बेसबोर्ड हीटिंगवालं घर: घ्यावं की पळावं?

फुलवात
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईचा आहे.

आम्ही तिघं (मी, नवरा, चार वर्षांची लेक) मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ घर शोधतोय. सहा महिन्यांत एकोणीस घरं पाहिली, चार ऑफर पाण्यात गेल्या. आता एक घर मनात भरलंय. १९६८ सालचं, साधारण १७०० चौरस फूट, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, मागे दोन मेपल. किंमत आजूबाजूच्या घरांपेक्षा बरीच कमी. का कमी, ते तळघरात उतरल्यावर कळलं. तळघर रिकामं! बॉयलर नाही, फर्नेस नाही, ऑईलची टाकी नाही. वर प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी ते लांबट पत्र्याचे बेसबोर्ड आणि खोलीगणिक वेगळा थर्मोस्टॅट. एजंटबाई म्हणाल्या, ज्याची खोली त्यानं गरम करावी, किती सोयीचं. नवऱ्याचा मित्र सोबत होता, तो तिथल्या तिथे म्हणाला, "पळा."

सात वर्षं आम्ही अपार्टमेंटमध्ये काढली, हीट भाड्यातच यायची. त्यामुळे या विषयात मी पूर्ण अडाणी. बेसबोर्ड म्हणजे नेमकं काय, लोक त्याला इतके का घाबरतात, आणि जो तो हीट पंप हीट पंप म्हणतोय ते काय प्रकरण आहे? कुणी राहिलं असेल अशा घरात तर सांगा. सोमवारपर्यंत ऑफर द्यायची आहे.

ता.क. दाराच्या घंटेशेजारी पितळेची गोल चकती ठोकलीय. अक्षरं झिजलीत, 'इलेक्ट्रिकली' एवढंच लागतं. लेक ती सोडायला तयार नाही. काय असावं?

चहाबाज
रात्री ९:४८

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता गॅसवाले आणि हीट पंपवाले येतीलच.

यंत्रदास
रात्री १०:३५

फुलवातताई, बेसबोर्ड हे यंत्राचं नाव नाही, जागेचं आहे. भिंतीच्या तळाशी बसतं म्हणून बेसबोर्ड. आत काय आहे त्यावर सगळा खेळ.

एक प्रकार पाण्याचा. तळघरात गॅसचा नाहीतर ऑईलचा बॉयलर, त्यात ८० सेल्सिअसच्या आसपास तापलेलं पाणी पंपानं घरभर फिरतं. पत्र्याच्या आत तांब्याची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची रांग. खालच्या फटीतून थंड हवा शिरते, पात्यांमधून तापत वरच्या फटीतून बाहेर पडते. पंखा नाही, वाऱ्याचा झोत नाही. बहुतेक वेळा खिडकीखाली बसवतात, कारण गार काचेवरून हवा खाली घरंगळते, तिला तिथेच गाठायचं.

दुसरा प्रकार विजेचा. वरून डिट्टो तसाच. आत पाण्याच्या नळीऐवजी तापणारा एलिमेंट, म्हणजे बादलीत सोडायचा आपला रॉड आडवा करून भिंतीला लावलाय असं समजा. फुटाला साधारण २५० वॉट. सहा फुटी बेसबोर्ड म्हणजे १५०० वॉट, सतत चालला तर तासाला दीड युनिट. तळघर रिकामं आहे म्हणजे तुमचं घर या दुसऱ्या प्रकारातलं.

आता पैसे. उष्णता मोजायचं इथलं माप बीटीयू. काडेपेटीतली एक काडी शेवटपर्यंत जळाली की साधारण एक बीटीयू. अशा दहा लाख काड्यांची ऊब घरात आणायला काय पडतं ते बघा:

विजेचा बेसबोर्ड: २९३ युनिटं. मॅसॅच्युसेट्समध्ये बड्या कंपन्यांची वीज सगळं धरून ३० सेंटच्या आसपास, म्हणजे ८८ डॉलर.
ऑईल बॉयलर: साडेआठ गॅलन. साडेतीन डॉलरच्या भावानं ३० डॉलर.
चांगला गॅस बॉयलर: २५ डॉलरच्या आतबाहेर.
हीट पंप: हिवाळ्याची सरासरी धरून ११० युनिटं, ३३ डॉलर.

मित्र "पळा" का म्हणाला ते कळलं असेल.

ठाणेदार
रात्री १०:५२

जबरी. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मॉन्ट्रियलची माई
रात्री ११:१५

यंत्रदास, हिशोब बरोबर आहे, पण तो तुमच्या गावचा. आमच्या क्युबेकमध्ये या. इथे जिकडेतिकडे विजेचेच बेसबोर्ड, फ्रेंचमध्ये प्लँत म्हणतात. जलविद्युत मुबलक, दिवसाला पहिली ४० युनिटं सात सेंटच्या आसपास, त्यावर साधारण अकरा. तेही कॅनडाचे सेंट! बावीस वर्षं राहतेय, उणे पंचवीसमध्ये घर ऊबदार. दुरुस्तीचा खर्च बावीस वर्षांत किती? दोन थर्मोस्टॅट. फर्नेसवाल्यांनो, तुमचा आकडा सांगा.

वाईट बेसबोर्ड नाही हो, वाईट तुमची वीज कंपनी.

बर्फाळलेला
रात्री ११:४०

माईंशी सहमत, पण एक बाजू राहिली. वीज गेली की? १९९८ च्या जानेवारीत तुमच्याकडे बर्फाचं वादळ झालं तेव्हा लाखो घरं कित्येक दिवस अंधारात होती.

मी कॅलगरीचा. इथे घरोघरी गॅस फर्नेस, डक्टमधून गरम हवा. बाहेर उणे तीस, आत हाफ पँट. गॅस स्वस्त. कोरड्या हवेनं नाकातून रक्त येतं, तेवढं चालायचं.

मॉन्ट्रियलची माई
रात्री ११:५१

आणि वीज गेल्यावर तुमच्या फर्नेसचा पंखा कोण फिरवतं, फुंकणी घेऊन तुम्ही?

बर्फाळलेला
रात्री ११:५३

:) पकडलंत माई. तेव्हा मीही बंदच. जिंकतो फक्त लाकडाची शेगडी असलेला.

कानटोपी
शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

पुण्यात काल १४ होतं. सोसायटीच्या वॉचमननं शेकोटी केली आणि अध्यक्षांनी व्हॉट्सॲपवर नोटीस टाकली. आमचं हीटिंग: आजीची गोधडी. देखभाल शून्य, वीज शून्य, दर तीन वर्षांनी नवीन अस्तर. बाकी चालू द्या.

सुगरणबाई
शनिवार, सकाळी ९:२०

फुलवात, तांत्रिक मंडळी पैशांचं बोलताहेत, मी संसाराचं बोलते.

न्यू जर्सीच्या आधीच्या घरात डक्टवालं हीटिंग होतं. खाली बोंबील तळले की सात मिनिटांत वरच्या बेडरूममधल्या शर्टांना वास. फर्नेस हवा ओढून घेतं आणि तीच घरभर वाटतं, अगदी समान हक्कानं. लेक हायस्कूलला जायला लागली तेव्हा यावरून घरात रणकंदन. आताच्या घरात पाण्याचे बेसबोर्ड आहेत. फोडणी स्वयंपाकघरातच राहते. (बरीचशी.) शिवाय हवेचा भसाभस आवाज नाही.

तोटे पण ऐक. भिंतीला लागून सोफा, पलंग, कपाट काहीच सरकवता येत नाही, हवा अडते. लांब पडदे कापून आखूड करावे लागले. आणि आत धूळ इतकी साठते की ऑक्टोबरात पहिल्यांदा हीट लावली की घरभर जळका वास. दर सप्टेंबरात झाकणं उचलून व्हॅक्युम फिरव.

पण इडलीचं पीठ! बेसबोर्डपासून हातभर अंतरावर पातेलं ठेवायचं. जानेवारीत सुद्धा सकाळी झाकण वर.

चहाबाज
सकाळी ९:३१

आता कळलं धागा कुठे जाणार.

ठाणेदार
सकाळी ९:४०

हातभर नक्की ना? आम्ही प्लास्टिकचा डबा चिकटून ठेवला होता. डबा बसला, पीठ उठलं. गालिच्यावर.

मॉन्ट्रियलची माई
सकाळी १०:०२

पातेलं टॉवेलात गुंडाळायचं. आणि उडीद डाळ जास्त घ्यायची, थंडीत चाराला एक पुरत नाही, तीनाला एक.

बर्फाळलेला
सकाळी १०:१०

आमच्याकडे डक्टच्या जाळीवर ठेवतात, फर्नेस सुरू झालं की पीठही कोरडं. हरलो.

खिळेठोक
सकाळी १०:४५

इडली बाजूला ठेवून ती चकती बघू.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या वीज कंपन्या आणि जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाऊस यांनी मिळून जोरदार मोहीम काढली होती, 'विजेवर जगा, सुखात जगा' अशा थाटाची. ज्या घरात सगळं विजेवर, त्याच्या दारावर पितळेची चकती ठोकायचे, मेडॅलियन होम. हीटिंगसुद्धा विजेवर असेल तर गोल्ड मेडॅलियन. तेव्हा वीज दिवसेंदिवस स्वस्तच होणार असं लोकांना वाटायचं. १९७३ चा तेलाचा भडका उडाला आणि ते गणित बसलं नाही. तुमच्या दारावर त्या काळाची पाटी आहे, जपा. अशा घरांत इन्सुलेशन त्या काळच्या मानानं बरं करायचे, हा तुमचा फायदा.

आता धोक्याचं. १९६५ ते १९७३ च्या दरम्यान तांबं महागलं म्हणून बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी घातल्या. जोडाच्या ठिकाणी त्या सैल होतात, तापतात. तुमचं घर १९६८ चं आणि हीटरांचा भार मोठा. घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला हे नाव घेऊन विचारा, आपण होऊन बघेल अशा भरवशावर राहू नका. पॅनेल किती अँपिअरचं आहे तेही बघा. आणि बेसबोर्डच्या वर प्लग असेल तर त्यातून लोंबणारी वायर पत्र्यावर टेकता कामा नये.

शंकासुर
दुपारी १२:१५

एक बाळबोध शंका. विजेचा हीटर १०० टक्के कार्यक्षम असतो असं दुकानात लिहिलेलं असतं. मग हीट पंप त्याच्या पावणेतीन पट कसा? २७५ टक्के? हे म्हणजे शंभर रुपये देऊन पावणेतीनशे परत मिळणारी योजना झाली. अशा योजनेत आमच्या काकांनी पैसे घातले होते.

यंत्रदास
दुपारी १:३०

शंकासुर, काकांना धक्का न लावता सांगतो. बेसबोर्ड उष्णता तयार करतो. एक युनिट वीज घातली की एक युनिट ऊब, त्याच्या पुढे कुणाचा बाप जाऊ शकत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, उचलून आणतो. फ्रीजच्या मागे हात लावा, गरम लागतो. ती ऊब आतल्या भाजीतून काढलेली. तोच फ्रीज घराएवढा करा आणि उलटा लावा: बाहेरचं अंगण म्हणजे भाजीचा कप्पा, तुमचा हॉल म्हणजे मागची जाळी. उणे दहाच्या हवेतही उष्णता असते, फक्त ती खेचायला जास्त ताकद लागते. म्हणून थंडी वाढली की पावणेतीनचे दोन होतात. हमालाला चढण लागली, एवढंच.

भारतातला स्प्लिट एसी उलटा चालवला की झाला हीट पंप. म्हणूनच उन्हाळ्यात तोच एसी.

जाता जाता, दुकानात तेलाचा रेडिएटर, सिरॅमिकचा, इन्फ्रारेडचा असे पाच हीटर पाच किमतींना मांडलेले असतात. सगळे १५०० वॉटचे. ऊब सगळ्यांची सारखी, फरक दिसण्यात आणि आवाजात.

लीड्सकर
दुपारी २:०५

इंग्लंडातून. इथे गॅस बॉयलर आणि खिडकीखाली रेडिएटर, प्रत्येकाला फिरवायचा व्हॉल्व्ह. विजेचं युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग. त्यामुळे यंत्रदासांचा पावणेतीन पटवाला हमाल इथे कामाला लावला तरी बिल गॅसपेक्षा खाली येतंच असं नाही. सरकार साडेसात हजार पौंड देतंय हीट पंपासाठी, तरी आमची गल्ली हलत नाही. आम्ही थर्मोस्टॅट १८ वर ठेवून दोन स्वेटर घालतो. बायको मूळची नागपूरची आहे. बाकी सांगायला नको.

विदर्भातली वीज
दुपारी २:२०

लीड्सकर, वहिनींना माझा पाठिंबा. २२ च्या खाली माणसानं राहू नये.

निवृत्त फौजी
दुपारी ३:४५

काश्मीरमध्ये दोन हिवाळे काढले. आमच्याकडे केरोसिनची बुखारी, पत्र्याचं पिंप आणि छपरातून जाणारी नळी. गावात लोक फेरनच्या आत कांगडी घेऊन फिरत, मातीच्या भांड्यात निखारे, भोवती वेताची वीण. जुन्या घरांत हमाम पाहिला, दगडी जमिनीखाली लाकूड पेटवायचं आणि वर सगळं कुटुंब बसायचं. त्यासारखी ऊब नाही. पायापासून वर चढते.

एकच सांगतो. जे काही जळतं ते प्राणवायू खातं. बंद खोलीत बुखारी किंवा कांगडी ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. या एका बाबतीत फुलवातच्या घरातला विजेचा बेसबोर्ड बिनघोर. गॅस नाही, ज्योत नाही, धुराडं नाही.

खिळेठोक
दुपारी ४:००

काकांना सलाम. पायापासून चढणारी ऊब हवी तर इथे जमिनीखाली पाण्याच्या नळ्या टाकतात. नवीन बांधकामात फार छान, जुन्या घरात अख्खी जमीन उखडा. पुढचा धागा.

धुकेरी
सायंकाळी ५:३०

हीट पंपाची आरती चाललीय म्हणून उलटा अनुभव लिहितो. कनेक्टिकटात विजेचे बेसबोर्ड असलेल्या घरात मिनीस्प्लिट (स्प्लिट एसीसारखे, डक्ट न लागणारे हीट पंप) बसवले. कंत्राटदारानं (नाव घेत नाही) खोल्या न मोजता डोळ्यांनी अंदाज केला आणि गरजेपेक्षा बरंच मोठं युनिट मारलं. ते दहा मिनिटं चालतं, बंद पडतं, पुन्हा चालू. बिल अपेक्षेइतकं उतरलं नाही. वर हॉलमध्ये एकच डोकं (भिंतीवरचं आतलं युनिट), त्यामुळे दार लावून झोपलं की बेडरूम थंड. शेवटी बेडरूमचे जुने बेसबोर्ड पुन्हा चालू केले. बरं झालं काढून टाकले नव्हते.

घेताना प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशोब कागदावर मागा. जो देत नाही त्याला चहा पाजून परत पाठवा.

यंत्रदास
सायंकाळी ५:४४

धुकेरींना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं पाप हेच: 'जरा मोठाच घेऊ'.

आणि हो, बेसबोर्ड काढून तिथे बॉयलर आणि नळ्या टाकायचा कुणी सल्ला दिला तर नको. भिंती फोडाव्या लागतील. तुमच्या घरात डक्ट नाहीत, मिनीस्प्लिटला डक्ट लागत नाहीत. जोडी तिथेच जमते.

बोरीवलीचा_बर्फ
सायंकाळी ६:२०

आम्ही बॉस्टनजवळ पाण्याच्या बेसबोर्डवाल्या घरात भाड्यानं राहतो. लेकाने एक हिरवा आणि एक जांभळा क्रेयॉन वरच्या फटीतून आत टाकला. पुढे तीन आठवडे हीट लागली की मेणबत्तीचा वास. रात्री नळ्या टिकटिक करतात, तापल्या की लांबतात म्हणून. सासूबाई आल्या होत्या तेव्हा पहिल्या रात्री उठून बसल्या, म्हणे भिंतीत कुणीतरी आहे.

फुलवात, चार वर्षांची मुलगी आहे ना? विजेचा बेसबोर्ड पाण्याच्यापेक्षा जास्त तापतो. सांभाळा.

शंकासुर
सायंकाळी ७:१०

खोलीगणिक थर्मोस्टॅट असल्यावर रिकाम्या खोल्या बंद ठेवल्या तर? एजंटबाईंच्या बोलण्यात तेवढं तरी तथ्य आहे ना?

मॉन्ट्रियलची माई
सायंकाळी ७:४०

आहे. आम्ही तेच करतो. पाहुण्यांची खोली १५ वर, दार बंद. पण पूर्ण बंद नको. कोपऱ्यात दमट होतं, बुरशी येते. बाहेरच्या भिंतीत पाण्याची नळी असेल तर ती गोठून फुटते. आणि डिसेंबरात महिनाभर भारतात जाताना "कशाला उगाच" म्हणून सगळं बंद करून जाणारे असतात, परत आल्यावर त्यांच्या हॉलमध्ये तळं असतं. १३ सेल्सिअस, म्हणजे तुमचे ५५ फॅरनहाइट, त्याच्या खाली जाऊ नका, आणि मुख्य नळ बंद करून जा.

साधे वायफायवाले थर्मोस्टॅट घेऊ नका हं. ते २४ व्होल्टचे असतात, बेसबोर्ड चालतो २४० वर. त्यासाठी वेगळे मिळतात.

फुलवात
रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल रात्री नवऱ्यानं आणि मी पहिला प्रतिसाद ते शेवटचा मोठ्यानं वाचून काढला. (इडलीचा भाग दोनदा.)

एजंटबाईंकडून मागच्या मालकांची वर्षभराची बिलं मिळवली. म्हातारं जोडपं होतं, वर्षभर घरातच. उन्हाळ्यात महिन्याला ६०० युनिटं, जानेवारीत ३४००. उन्हाळ्याचं वजा केलं तर अख्ख्या हिवाळ्याचं हीटिंग साधारण १३,५०० युनिटं. ३० सेंटनं ४०५० डॉलर. पोटात गोळा आला.

पण एक कळत नाही. जानेवारीचं बिल ६१२ डॉलरचं आहे. ३४०० गुणिले ३० म्हणजे हजाराच्या वर व्हायला हवं. काही सूट असते का ज्येष्ठांना?

यंत्रदास
सकाळी ११:२०

६१२ भागिले ३४००, अठरा सेंट. शक्य नाही. मागची थकबाकी-जमा काही वळती केलीय का बघा.

खिळेठोक
सकाळी ११:२६

थांबा. बिलावर कंपनीचं नाव काय आहे?

फुलवात
सकाळी ११:३१

कंपनी नाही, टाऊनचं लाईट डिपार्टमेंट लिहिलंय.

खिळेठोक
सकाळी ११:४०

हाहाहा! यंत्रदास, सगळा हिशोब पुन्हा करा.

मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे ४० ठिकाणी वीज नगरपालिकेची आहे, बड्या कंपन्यांची नाही. वूस्टरच्या आजूबाजूलाच श्रूजबरी, होल्डन, बॉईल्स्टन. नफा काढायचा नसतो, दर खासा कमी. रस्त्याच्या या बाजूच्या घराला एक भाव, पलीकडचं गाव लागलं की दुसरा. ताई, तुम्ही अर्धं क्युबेक विकत घेताय.

मॉन्ट्रियलची माई
सकाळी ११:४४

मी काय म्हणत होते?

यंत्रदास
दुपारी १२:३०

शरण. १८ सेंटनं १३,५०० युनिटं म्हणजे २४३० डॉलर हिवाळा. ऑईलवाल्या शेजाऱ्यापेक्षा हजारेक डॉलर जास्त, पण पळण्यासारखं नाही. हीट पंप लावला तर ५००० युनिटं, ९०० डॉलर. वर्षाला दीड हजार वाचतील, तेही सगळं घर त्यावर चाललं तर. म्हणजे घाई नाही. एक हिवाळा बेसबोर्डवर काढा, कुठली खोली थंड पडते ते बघा, मग ठरवा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मास सेव्ह या ऊर्जाबचत योजनेचं अनुदान बड्या कंपन्यांच्या ग्राहकांसाठी आहे, नगरपालिकेच्या विजेवाल्यांना बहुतेक ठिकाणी ते लागू नाही. टाऊनची स्वतःची काही योजना आहे का ते त्यांच्याच ऑफिसात विचारा. आणि हीट पंपावरचं फेडरल टॅक्स क्रेडिट, ३० टक्के आणि जास्तीत जास्त २००० डॉलर, ३१ डिसेंबर २०२५ ला संपतंय.

फुलवात
दुपारी १:१५

क्लोजिंगच (घर नावावर होणं) १९ डिसेंबरला होईल असं म्हणताहेत. बारा दिवसांत कोण बसवून देणार! ते दोन हजार गेले असंच धरतो.

धुकेरी
दुपारी १:४०

जाऊ द्या. घाईत बसवलेला हीट पंप दोन हजारांपेक्षा महाग पडतो. अनुभवाचे बोल आहेत. आधी माळ्यावरचं इन्सुलेशन आणि खिडक्यांच्या फटी. गळक्या बादलीत मोठा नळ सोडून काय उपयोग.

बर्फाळलेला
दुपारी २:००

तरी माझं मत डक्टचंच. एसी, फिल्टर, आर्द्रता सगळं एका ठिकाणी. बेसबोर्डवाल्यांची धूळ जाते कुठे?

सुगरणबाई
दुपारी २:१२

सप्टेंबरात व्हॅक्युममध्ये. वर लिहिलंय.

चहाबाज
रात्री ८:३०

ऑफर दिलीत का?

फुलवात
रात्री ९:१०

दिली. मागितल्यापेक्षा पाच हजार कमी. कारण लिहिलं: विजेचं हीटिंग. :)

फुलवात
रविवार, २५ जानेवारी २०२६, सायंकाळी ६:५०

धागा वर काढतेय, रागावू नका. घर मिळालं. वायरी तांब्याच्या निघाल्या (खिळेठोक, इन्स्पेक्टरनं तुमचा प्रश्न ऐकून आधी माझ्याकडे बघितलं, मग पॅनेल उघडलं). पॅनेल २०० अँपिअरचं आहे. माळ्यावर इन्सुलेशन फक्त सहा इंच होतं, ते वाढवून घेतलं. पहिलं पूर्ण बिल यायचंय, पण मीटर रोज बघतो: दिवसाला सरासरी ८५ युनिटं. मागच्या मालकांचा जानेवारी ११० चा होता. आम्ही दिवसभर घरी नसतो हेही त्यात आहे. उत्तरेकडची बेडरूम मात्र कितीही केलं तरी थंड. उन्हाळ्यात तिथे आणि हॉलमध्ये मिनीस्प्लिट घ्यायचा विचार आहे. एका माणसानं खोल्या न मोजता कोटेशन दिलं, त्याला चहा पाजला.

चकती लेकीनं चिंच लावून घासली. चमकतेय.

चहाबाज
सायंकाळी ७:०४

अभिनंदन! आणि मुख्य मुद्दा? पीठ?

फुलवात
सायंकाळी ७:२०

पाहुण्यांची खोली छोटी आहे, चार फुटी बेसबोर्ड. शुक्रवारी रात्री तिथला थर्मोस्टॅट ७८ वर, दार बंद, आत पातेलं. बाकी घर ६६. सकाळी पीठ काठोकाठ. एजंटबाई खोटं बोलल्या नव्हत्या, ज्याची खोली त्यानं गरम करावी.

यंत्रदास
सायंकाळी ७:३५

ताई! हजार वॉटचा बेसबोर्ड, रात्रीतून पाच तास जरी चालला तरी पाच युनिटं, नव्वद सेंट. ओव्हनमधला दिवा नुसता लावून ठेवा. ४० वॉट, बारा तास, अर्धं युनिटसुद्धा होत नाही. नऊ सेंट.

फुलवात
सायंकाळी ७:३८

ओव्हनमध्ये दही आहे.